पैसे सरकार देते; दार कोण उघडणार?

दहावी-बारावीचे निकाल लागले की नायगाव, नरसी, देगलूर, बिलोलीकडून नांदेडला जाणाऱ्या एस.टी. गाड्यांत दरवर्षी एक नवी गर्दी दिसू लागते. बापाच्या हातात कागदपत्रांची पिशवी असते, पोराच्या पाठीवर दप्तर असते आणि दोघांच्याही मनात एकच चिंता असते. प्रवेश तर मिळेल, पण राहायचे कुठे?

महाविद्यालयाचा प्रवेश गुणवत्ता यादीवर होतो. त्या यादीला आरक्षण आहे, नियम आहेत, अन्याय झाला तर तक्रारीला जागा आहे. पण किरायाच्या खोलीची यादी घरमालकाच्या डोक्यात असते. ती कोणत्याही फलकावर लागत नाही आणि तिच्यावर हरकतही घेता येत नाही. मराठवाड्यातल्या बौद्ध, मातंग, चर्मकार, आदिवासी, भटक्या आणि मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिक्षणातली एक मोठी अडचण आज या ठिकाणी आहे, आणि नेमके हिच्यावरच सर्वांत कमी बोलले जाते. म्हणून हा लेखनप्रपंच.

नांदेड हे इतिहासाचे शहर. १७०८ साली गुरु गोविंदसिंगांनी येथे देह ठेवला आणि पुढे महाराजा रणजितसिंगांनी येथे गुरुद्वारा बांधला. हे शिक्षणाचेही शहर आहे. १९५० साली पीपल्स कॉलेज निघाले, १९६३ साली यशवंत महाविद्यालय आले, १९८१ साली अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९८८ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. शेजारच्या लातुरात १९६१ पासून दयानंद आणि १९७० पासून राजर्षी शाहू महाविद्यालय आहे. तेथील 'लातूर पॅटर्न'ने तर सारा महाराष्ट्र तेथे ओढून आणला.

या दोन्ही शहरांत विद्यार्थी हेच आता पीक झाले आहे. नांदेडचे श्यामनगर, भाग्यनगर, बाबानगर पाहा. शिकवणीचे वर्ग, मेस, डबेवाले, झेरॉक्सची दुकाने, अभ्यासिका आणि प्रत्येक घराच्या वरच्या मजल्यावर विद्यार्थ्यांच्या खोल्या. एका खोलीत तीन-चार कॉट, आणि किराया खोलीचा नाही तर कॉटचा! लातुरात २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा शहराला कळले की विद्यार्थी गावाकडे परत गेला तर बाजार थंडावतो. म्हणजे विद्यार्थी या शहरांवर उपकार मागायला येत नाही. तो पैसे मोजायला येतो. असे असताना त्याला दारात उभे करून त्याची जात का विचारली जाते?

नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगर चालतो. पंगतीत कोण बसला, त्याचे आडनाव काय, हे तेथे कोणी विचारत नाही. २००८ साली गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला, तेव्हा लाखो यात्रेकरूंना या शहराने सामावून घेतले. त्याच शहरात खोली शोधणाऱ्या आमच्या पोराला मात्र प्रश्नपत्रिका सोडवावी लागते. पहिला प्रश्न, "पूर्ण नाव सांग." आडनावावरून कळले नाही तर दुसरा, "गाव कोणते? गावात घर कोणत्या बाजूला?" तिसरा, "नॉनव्हेज खाता का?" चौथा, "खोलीत फोटो-बिटो लावणार का?" एवढ्यावरही अंदाज आला नाही तर शेवटचा, "पाव्हणेरावळे कोण्या गावचे?" आणि मग उत्तर ठरलेले असते, "अरे, आत्ताच एकाने अॅडव्हान्स देऊन ठेवला की!" पाटी मात्र आठ दिवस तशीच लटकत असते.

"तुझ्या जातीमुळे खोली देत नाही" असे कोणी म्हणत नाही. शिकलेल्या माणसाचा जातिवाद असा बिनबोलका असतो. म्हणूनच तो गावातल्या उघड जातिवादापेक्षा पकडायला कठीण आहे.

मग आमची पोरे काय करतात? काही जण आडनाव लपवतात, नुसते वडिलांचे नाव सांगतात. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावत नाहीत, तो वहीत ठेवतात. १४ एप्रिलला मिरवणुकीत गेले तरी निळा गंध पुसून खोलीवर येतात. काही जण आंबेडकरनगर, जयभीमनगर, श्रावस्तीनगर अशा आपल्या वस्त्यांत पाव्हण्याच्या पाव्हण्याकडे अंग टाकतात. मराठवाड्यातल्या शहरांच्या अशा वस्त्या कशा वाढल्या, हे नव्या पिढीला सांगितले पाहिजे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमची घरे जाळली गेली. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे शहीद झाले. गावे सोडून कितीतरी कुटुंबे शहराच्या कडेला आली. त्या कुटुंबांच्या दोन खोल्यांच्या घरात आज खेड्यातून आलेले आणखी एक पोर अभ्यास करते. गावात आम्ही गावकुसाबाहेर होतो. शहरात शिकायला आलो, तर तेथेही वेस उभीच!

मुलींचे तर विचारूच नका. एस.टी.ने बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना मोफत पास दिला, मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट केले. ही चांगली गोष्ट आहे. पण नायगावहून नांदेड जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या घरात पडते. रोज एवढा प्रवास करून प्रयोगशाळा आणि संध्याकाळची शिकवणी कोणत्या मुलीला साधेल? शहरात सुरक्षित जागा मिळाली नाही की बाप म्हणतो, "राहू दे बाई, इथंच कुठं तरी आर्ट्सला टाकू." दोन वर्षांत तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. सातारा जिल्ह्यातले नायगाव हे सावित्रीमाईंचे जन्मगाव. आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या नायगावची लेक मात्र एका खोलीअभावी शिक्षण सोडते! यात गुण कमी पडत नाहीत, कमी पडते ते छप्पर.

हा प्रश्न नवा नाही. खुद्द बाबासाहेबांनी तो भोगला आहे. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकलेला हा विद्वान बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू व्हायला गेला, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून त्यांनी आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्रानेही घरात घेतले नाही. हे सारे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आणि याच माणसाला १९२१-२२ मध्ये लंडनच्या किंग हेन्रीज रोडवर मात्र किरायाने राहता आले! महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते घर विकत घेतले, स्मारक केले. आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण बाबासाहेब जेथे किरायाने राहिले ते परदेशातले घर विकत घेणाऱ्या सरकारने, बाबासाहेबांच्या लेकरांना नांदेड-लातुरात किरायाने कोण ठेवते, हेही एकदा पाहावे.

बडोद्याच्या त्या अनुभवाचा धडा बाबासाहेब विसरले नाहीत. त्यांच्या आधी राजर्षी शाहू महाराजांनी हेच ओळखले होते. कोल्हापुरात त्यांनी जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. १९०८ चे मिस क्लार्क बोर्डिंग अस्पृश्य मुलांसाठी होते. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह सुरू केले. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. तेथे नुसत्या वर्गखोल्या बांधल्या नाहीत. नागसेनवनात वसतिगृहेही उभी केली. का? कारण मराठवाड्यातल्या खेड्यातून आलेल्या महाराच्या पोराला शहरात कोणी खोली देणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. मराठवाड्यातले आमचे प्राध्यापक, वकील, अधिकारी, साहित्यिक यांची एक पिढीच त्या वसतिगृहांतून घडली. वसतिगृह नसलेले महाविद्यालय आमच्या समाजासाठी अर्धेच महाविद्यालय असते, हा त्याचा अर्थ आहे.

आता आजच्या सरकारकडे वळू. समाजकल्याण खात्याची वसतिगृहे आहेत. पण जागा थोड्या आणि अर्ज फार, ही वर्षानुवर्षांची स्थिती. त्यांतली कितीतरी वसतिगृहे स्वतःच किरायाच्या इमारतीत चालत आली! ज्यांना तेथे प्रवेश मिळत नाही अशा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी शासनाने २०१६-१७ पासून 'भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना' आणली. भोजन, निवास आणि निर्वाह यांचे पैसे थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात. योजनेचे आम्ही स्वागतच केले होते. तिच्यामुळे अनेकांचे शिक्षण टिकले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पण तिचा हिशोब मांडून पाहा. योजना आली तेव्हा मुंबई-पुण्यासाठी वर्षाला ६० हजार, विभागीय शहरांसाठी ५१ हजार आणि इतर जिल्ह्यांच्या ठिकाणांसाठी ४३ हजार रुपये ठरले. या ४३ हजारांत भोजनाचे २५ हजार, निर्वाहाचे ६ हजार आणि निवासाचे १२ हजार. म्हणजे राहण्यासाठी महिन्याला एक हजार रुपये! शिकवणीच्या भागात एका कॉटचा किराया किती, हे मंत्रालयातल्या एखाद्या अधिकाऱ्याने गुमास्त्याचा वेष करून विचारून यावे. शिवाय हे पैसे येतात कधी? घरमालक डिपॉझिट जूनमध्ये मागतो. योजनेचा हप्ता मात्र वर्ष सरत आले तरी येत नाही, अशा तक्रारी घेऊन विद्यार्थ्यांना समाजकल्याण कार्यालयांसमोर कितीदा बसावे लागले! मधल्या काळात बाप सावकाराकडे जातो.

आणखी एक गोम आहे. किरायाने राहत असल्याचा पुरावा म्हणून विद्यार्थ्याकडे भाडेकरार मागितला जातो. घरमालक करार करून द्यायला तयार नसतो. त्याला कराची भीती, कागदाची भीती. मग विद्यार्थी खोलीचा किराया रोख देतो, पावती मिळत नाही आणि पावती नाही म्हणून योजनेच्या अर्जात त्रुटी निघते.

मूळ मुद्दा याहूनही खोल आहे. वसतिगृह बांधणे ही शासनाची जबाबदारी होती. शासनाने त्या जबाबदारीचे पैशात रूपांतर केले आणि विद्यार्थ्याला बाजारात सोडून दिले. बाजार पैसा ओळखतो असे म्हणतात. पण घरांचा बाजार पैशाच्या आधी जात ओळखतो. प्रा. सुखदेव थोरात हे मिलिंदचेच विद्यार्थी, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांनी सहकाऱ्यांसह दिल्ली व आसपासच्या शहरांत किरायाने घर मागणाऱ्यांची पाहणी केली, ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. सवर्ण नावाच्या माणसाला जेथे घर सहज मिळाले, तेथे दलिताला नकार मिळाला किंवा वाढीव अटी घातल्या गेल्या. मुस्लिमांची अवस्था त्याहून वाईट निघाली. राजधानीत हे, तर नांदेड-लातुरात काय असेल?

यावर लगेच म्हटले जाते, "घर माझे आहे, कोणाला द्यायचे ते मी ठरवीन." वरवर हे पटते. पण कायदा काय म्हणतो ते वाचकांनी समजून घ्यावे. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि तो अनुच्छेद खाजगी माणसावरही बंधनकारक आहे. त्याखाली आलेला १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आमच्या लोकांनी जवळजवळ विसरून टाकला आहे. त्याचे कलम ४ उघडून पाहा. कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, घेणे किंवा त्यात राहणे याबाबत अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा आहे. कलम ५ मध्ये जनतेसाठी चालणाऱ्या वसतिगृहात प्रवेश नाकारणेही गुन्हा ठरवले आहे. हे गुन्हे दखलपात्र आहेत. आणि कलम १२ सांगते की, अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असे कृत्य घडले तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरायचे. तसे नव्हते, हे आरोपीने सिद्ध करायचे!

ठाण्यात गेल्यावर काही पोलीस अधिकारी सांगतात, "तुम्ही तर बौद्ध, तुम्हाला हा कायदा लागू नाही." त्यांना १९९० ची दुरुस्ती दाखवा. तिने अनुसूचित जातींच्या बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा दिला आहे. शिवाय अॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कार टाकणे हा स्वतंत्र गुन्हा केला. ही दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे.

कायद्यात उणिवा आहेत, हेही सांगितले पाहिजे. १९५५ च्या कायद्यात कलम ४ च्या गुन्ह्याला एक ते सहा महिन्यांची कैद आहे, पण दंड शंभर ते पाचशे रुपये. एका कॉटचे डिपॉझिटसुद्धा याहून जास्त असते! सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, एका धर्माच्या लोकांपुरते सभासदत्व ठेवण्याची मुभा संस्थेला दिली. त्या निकालाने दारे बंद करणाऱ्यांना आधार मिळाला. पण २०११ साली त्याच न्यायालयाने अनुच्छेद १५ मधल्या 'दुकान' या शब्दाचा अर्थ व्यापक घेतला, आणि त्यासाठी संविधान सभेतील बाबासाहेबांच्याच उत्तराचा आधार घेतला. आमचे म्हणणे असे की, ज्याने रस्त्यावर 'खोली किरायाने देणे आहे' अशी पाटी लावली, त्याने दुकानच मांडले आहे. दुकान मांडल्यावर गिऱ्हाइकाची जात विचारता येणार नाही. हा मुद्दा कोणी तरी न्यायालयात लढवला पाहिजे.

जगात हे झाले आहे. इंग्लंडमध्ये एके काळी खोल्यांच्या खिडक्यांत काळ्यांना जागा नाही अशा पाट्या लागत. १९६८ साली तेथे कायदा झाला आणि घर देताना वंशभेद करणे बेकायदा ठरले. त्याच वर्षी अमेरिकेतही घरांबाबतचा असा कायदा झाला. तेथे भेदभाव उघड करण्यासाठी कार्यकर्ते एकच खोली दोन माणसांना विचारायला लावतात, आधी काळ्याला, मग गोऱ्याला. अशी तपासणी करणाऱ्यालाही दाद मागता येते, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली हॅवन्स रिअॅल्टी खटल्यात मान्य केले. नांदेडच्या विद्यार्थी संघटनांना हे करायला कोणी अडवले आहे? दहा वाजता एकाने विचारावे, अकरा वाजता दुसऱ्याने. तारीख, वेळ, उत्तर वहीत लिहून ठेवावे. मोर्चापेक्षा ती वही न्यायालयात जास्त बोलेल.

भाडेकराराबाबतही कायदा आपल्या बाजूने आहे. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर.

आता थोडे स्वतःच्या घरात पाहू. आरक्षणाने नोकऱ्या मिळाल्या, आमच्या माणसांनी नांदेडला, लातूरला बंगले बांधले. दारावर 'लुंबिनी', 'श्रावस्ती', 'संघमित्रा' अशी नावे कोरली. चांगलेच झाले. पण त्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर कोण राहते? किती घरमालक नायगावच्या गरीब पोराला परवडणाऱ्या किरायात कॉट देतात? मातंगाच्या पोराला, मुसलमानाच्या पोराला आम्ही तरी खोली देतो का, की "नको बाबा, शेजारी काय म्हणतील" हेच उत्तर आमच्याही तोंडून निघते? ज्याला दारातून परतवले गेले त्याने दुसऱ्याला दारातून परतवू नये, एवढे तरी धम्माने शिकवले आहे. आणि हेही खरे की शहरात जात न विचारता पोटच्या पोरासारखे विद्यार्थी सांभाळणारे घरमालक सर्वच समाजांत आहेत. त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण विद्यार्थ्याचा हक्क एखाद्याच्या चांगुलपणावर सोडून चालत नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. नांदेड व लातूर येथे समाजकल्याण खात्याने स्वतःच्या जागेवर, विद्यार्थीसंख्येच्या प्रमाणात वसतिगृहे बांधावीत, आणि मुलींची आधी. स्वाधारचा पहिला हप्ता प्रवेशाच्या महिन्यातच द्यावा आणि निवासाची रक्कम त्या शहरातल्या प्रत्यक्ष किरायाशी जोडावी. भाडेकरार मिळत नसेल तर महाविद्यालयाच्या प्राचार्यांचा दाखला ग्राह्य धरावा. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या परगावच्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांची नोंद ठेवावी आणि जात विचारून नकार देणाऱ्या घरमालकाविरुद्ध तक्रारीला मदत करावी. १९५५ च्या कायद्यातला दंड काळानुरूप वाढवावा. आणि समाजाने प्रत्येक शहरात, बुद्धविहारांच्या आवारात जेथे जागा असेल तेथे, निदान वीस-पंचवीस कॉटची सोय उभी करावी. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जेवढा पैसा उडतो, त्यात एका पोराचे वर्ष निघते, हे कटू असले तरी खरे आहे.

'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश आम्ही भिंतीभिंतीवर लिहिला. पण शिकणाऱ्याला रात्री पाठ टेकायला चार हात जागा लागते, ती देण्याची जबाबदारी शासनाचीही आहे आणि आपलीही. येत्या जूनमध्ये नायगावच्या गाडीतून उतरणाऱ्या पोराला खोली मिळावी यासाठी आपल्या शहरात आपण काय करणार, हे प्रत्येक विहाराच्या पुढच्या बैठकीत ठरले पाहिजे.